चटणी कशाला म्हणतात

मुलांनो, माझ्याबरोबर एक दुपार डोळ्यांसमोर आणाल? डोळे मात्र मिटू नका, नाहीतर पुढचं वाचणार कसं.

चैत्रातला रविवार आहे. फरशी नुकतीच ओल्या फडक्याने पुसली आहे, त्यामुळे ती पायाला गार लागते. तिच्यावर चटई टाकून एक माणूस पडला आहे. वय चव्वेचाळीस. अंगात पांढरा बनियन. जेवणात त्याने फक्त ताकभात खाल्ला आहे, कारण एकट्यासाठी भाजी करायचा त्याला कंटाळा आला. वर एक जुना पंखा फिरतो आहे आणि प्रत्येक फेऱ्याला टक् असा आवाज करतो आहे. माणसाला झोप हवी आहे आणि ती येत नाही, कारण उद्या सकाळी अकरा वाजता त्याला एक उत्तर द्यायचं आहे आणि ते त्याच्याजवळ नाही.

तो माणूस मी. गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीची आहे, पण मला त्या दुपारी जे स्वप्न पडलं ते मी आत्ता पडतंय असंच सांगणार आहे. त्याआधी मला काय उत्तर द्यायचं होतं, ते तुम्हाला माहीत हवं.

मी मिरजेजवळच्या एका मसाल्याच्या कारखान्यात मार्केटिंगला होतो. मार्केटिंग म्हणजे आपल्या मालाचं नाव लोकांच्या तोंडी बसवायचं काम. हे काम करणारी माणसं बहुतेक बोलकी असतात. दुकानात शिरल्या शिरल्या मालकाच्या खांद्यावर हात टाकतात, त्याच्या मेव्हण्याची चौकशी करतात, चहा मागवतात. मला यातलं काही जमायचं नाही. चार माणसांपुढे उभा राहिलो की माझा घसा सुकायचा. दौऱ्यावर बाकीचे एकत्र जेवायला बसले की मी डबा घेऊन एसटी स्टँडच्या बाकावर जायचो. मी काम करायचो ते माझ्या पद्धतीने. किराणा दुकानाच्या कोपऱ्यात तासभर उभा राहायचो आणि बायका कोणत्या शब्दांत काय मागतात ते ऐकायचो. मग कारखान्यात येऊन तेच शब्द पाकिटावर लिहायचो. मालक मगदूमसाहेब म्हणायचे, या आवटीला जीभ दिली नाही देवाने, पण कान दोन जास्त दिलेत.

सगळ्या कारखान्यात मी मोकळेपणाने बोलायचो ते फक्त एका माणसाशी, फुलाक्काशी. फुलाबाई लोंढे. ती डंकावर होती. डंक तुम्ही पाहिला नसेल. लोखंडी मुसळं ओळीने वरखाली होतात आणि खालच्या उखळांतली भाजलेली मिरची, खोबरं, धने कुटत राहतात. आवाज एवढा की शेजारचं माणूस सोडून कुणाला काही ऐकू जात नाही. म्हणून तर मला तिथे बोलता यायचं. फुलाक्का नाकावर फडकं बांधून उखळाशी बसायची, मी तिच्याजवळ पोत्यावर बसायचो, आणि आईशी बोलावं तसं तिच्याशी बोलायचो. बावीस वर्षं आमच्या मसाल्याची चव तिच्या हाताची होती.

मग मी एक चूक केली. आमचा माल पहिल्यांदा पुण्याला जाणार होता. पाकिटावरचा मजकूर मी लिहिला, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत नाव घातलं: चटणी. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे भाजीत, आमटीत घालायच्या त्या लाल तिखट मसाल्याला चटणीच म्हणतात. जन्मापासून मी दुसरा शब्द ऐकला नव्हता. पुण्यातल्या लोकांनी चटणी हे नाव वाचलं आणि इडलीबरोबर चमचाभर ताटात वाढून घेतली. एका गृहस्थांनी पत्र पाठवलं की त्यांच्या सासूबाई दोन तास नळाखाली तोंड धरून बसल्या होत्या.

तक्रारींचा ढीग आला. मगदूमसाहेबांनी मीटिंग बोलावली आणि ठरवून टाकलं की डंकावर मिरची जास्त पडते आहे, फुलाबाईचं आता वय झालं. मला ते पत्र वाचूनच कळलं होतं की चूक मिरचीची नाही, शब्दाची आहे. अकरा माणसं बसली होती. एक वाक्य बोलायचं होतं. घसा सुकला, मी टेबलाकडे बघत राहिलो, आणि दुसऱ्या दिवशी फुलाक्काला डंकावरून उठवून पाकिटं भरायला बसवलं.

महिन्याभरात मी गुपचूप शब्द बदलला. चटणीच्या जागी कांदा-लसूण मसाला. तक्रारी थांबल्या आणि पुण्यात माल खपायला लागला. मगदूमसाहेब येईल त्याला सांगू लागले, आमच्या आवटींनी एक शब्द बदलला आणि पुणं जिंकलं. फुलाक्काला परत डंकावर घ्यायचं कुणाला सुचलं नाही. मला सुचलं होतं, पण त्यासाठी आधी खरं सांगावं लागलं असतं. मी उद्या सांगू, परवा सांगू करत राहिलो. पौषात ती तापाने गेली.

आता उद्याचं उत्तर. मगदूमसाहेबांना मी पुण्याच्या ऑफिसचा मुख्य म्हणून हवा होतो. तिथे दर आठवड्याला सभा, व्यापाऱ्यांपुढे भाषण, आणि भाषणात ती एका शब्दाची गोष्ट. दुसरीकडे आमच्याच गावात कुमुदताई ढवळे एक लहानशी शाळा चालवत होत्या. फुलाक्काची नऊ वर्षांची नात, उज्जू, दर रविवारी चार वाजता माझ्याकडे वाचायला यायची. तिची प्रगती बघून कुमुदताई म्हणाल्या होत्या, आमच्याकडे भाषा शिकवायला या, लागणारी परीक्षा शिकवता शिकवता देता येईल. माझं मन तिकडे ओढत होतं. पण मला स्वतःचाच संशय येत होता. जो माणूस अकरा जणांपुढे एक वाक्य बोलला नाही, तो तीस मुलांपुढे काय बोलणार? ही काही आवड नाही, हे पळून जाणं आहे, असं वाटत होतं.

तर आता परत चटईवर या. पंखा टक् करतो आहे. टक्. टक्. डोळे जड होत आहेत. टक् जरा जाड होतो, मग आणखी जाड, आणि आता तो ठप् झाला आहे. ठप्. ठप्. डंक चालू आहे.

मी कारखान्याच्या अंगणात आहे आणि हवेत लाल धूळ आहे. डोळ्यांना ती झोंबत नाही, उबदार लागते. पहिल्या उखळाशी फुलाक्का बसली आहे. नाकावर फडकं, कपाळाला घाम, हात उखळाच्या काठावर. मला माहीत आहे की ती गेली. तिच्या बाराव्याला मी जेवून आलो आहे. पण स्वप्नात अशा गोष्टी फक्त माहीत असतात, त्यांची अडचण होत नाही.

"पडलासा व्हय, सायेब?" ती विचारते.

"झोप येत नाही, आक्का."

"येत न्हाई, तर मग हितं कसं आलासा?"

फडक्याआड ती हसते. मीही हसतो. मी पोत्यावर बसतो, नेहमीच्या जागी, आणि तिला पुण्याचं सांगतो. ती ऐकत ऐकत उखळात हात फिरवते. मुसळ खाली यायच्या आत हात बाहेर काढते, तिकडे न बघता. मोठं ऑफिस आहे का, ती विचारते. मी हो म्हणतो. गाडी देणार का. बहुतेक देतील. मग अवघड काय आहे?

बोलावं लागेल, मी सांगतो. कुणाशी, ती विचारते. सगळ्यांशी, मी म्हणतो, आणि त्यावर ती इतकी हसते की फडकं नाकावरून घसरतं.

मी तिला फडकं उचलून द्यायला वाकतो, आणि हाताखाली पोत्याऐवजी गालिचा लागतो. मी सरळ होतो. हे पुण्यातल्या हॉटेलातलं सभागृह आहे. ओळीने खुर्च्या आहेत आणि प्रत्येक खुर्चीवर एक सुकी ब्याडगी मिरची बसली आहे, अंगाला सुरकुत्या, देठ वर. सगळ्या माझ्याकडे बघत आहेत. माझ्या हातात माइक आहे असं मला वाटतं, पण ते डंकाचं मुसळ आहे आणि मला ते तोंडापर्यंत उचलत नाही. मागे पडद्यावर आमचं पाकीट दिसतं, भिंतीएवढं. त्यावर लिहिलं आहे: चटणी.

कुठूनतरी मगदूमसाहेब म्हणतात, आवटी, ती एका शब्दाची गोष्ट सांगा.

मी तोंड उघडतो. आवाज येत नाही. पहिल्या रांगेतली एक मिरची खोकते, मग दुसरी, मग सगळं सभागृह खोकायला लागतं. मी शेवटच्या रांगेकडे बघतो. तिथे फुलाक्का बसली आहे. मांडीवर रिकाम्या पाकिटांचा ढीग आहे आणि ती एकेक पाकीट फुंकर मारून उघडते आहे, भरते आहे, बाजूला ठेवते आहे. वर बघत नाही. मला तिथून खाली जायचं आहे आणि पाय उचलत नाहीत.

पडद्यावरची अक्षरं सुटायला लागतात. आधी च पडतो, मग ट, मग णी तिच्या वेलांटीसकट. पडताना आवाज होतो, भांडी पडल्यासारखा. फुलाक्का उठते, तिन्ही अक्षरं पदरात गोळा करते आणि दारातून बाहेर जाते. आता माझे पाय उचलतात. मी तिच्यामागे जातो.

बाहेर जिना नाही, तिचं स्वयंपाकघर आहे. चूल पेटली आहे, परात पुढे आहे, ती भाकरी थापते आहे. अक्षरं पदरात बांधलेली आहेत, त्यांचे कोपरे कापडातून वर आले आहेत. ती मला पाट देते. ताटलीत भाकरी येते, तिच्यावर लाल चटणी, चटणीत खड्डा करून तेल. मी पहिला घास हातात घेतो आणि तो तोंडात घालता येत नाही.

"आक्का," मी म्हणतो, "मिरची जास्त पडली नव्हती. शब्द चुकला होता. तो मी लिहिला होता."

हे म्हणायला मला एवढा वेळ लागला. इथे कुणी अकरा माणसं नाहीत, तरी माझा आवाज कापतो आहे. ती भाकरी उलटते.

"ठावं हाय," ती म्हणते.

कसं, मी विचारतो. ती सांगते की तिला वाचता येत नव्हतं, पण उज्जीला येत होतं. पाकिटं भरायला बसल्यावर ती एक रिकामं पाकीट घरी घेऊन गेली, उज्जीने वाचलं, चटणी. महिन्याने नवी पाकिटं आली, त्यातलंही एक नेलं, उज्जीने वाचलं, कांदा-लसूण मसाला. मिरची तेवढीच, मीठ तेवढंच. शब्द बदलला आणि तक्रार बंद झाली. त्यात न समजण्यासारखं काय आहे, असं ती म्हणते, आणि पाण्याचा हात भाकरीवरून फिरवते.

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुमी बोलशीला म्हनून वाट बघितली."

चुलीत लाकूड सरकतं. मी किती दिवस असं विचारत नाही, पण ती सांगते.

"सा म्हैनं."

मला वाटतं ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावलेली नाही. तिला वाईट कशाचं वाटलं ते ती सांगते, शांतपणे, जशी कुटायचं प्रमाण सांगायची तशी. पाकिटं भरायचं काम काही वाईट नव्हतं, सावलीत बसून होतं, कमरेला उलट आराम होता. पण डंकावरच्या बायका आपसात म्हणायच्या, फुलाक्काचा हात बिघडला. बाजारात कुणीतरी तोंडावर म्हटलं. बावीस वर्षांचा हात.

"बोलायला पायजे हुतं, सायेब."

"होय," मी म्हणतो.

भिडस्त होतो, घसा सुकतो, हे सगळं खरं आहे, पण तिच्या चुलीपुढे बसून ते म्हणवत नाही. ती मला खा म्हणते. मी खातो. तिखट आहे आणि बरोबर आहे, एक कणही जास्त नाही.

खाता खाता मी तिला माझा संशय सांगतो. असा माणूस शाळेत कसा चालेल? तिथेही बोलावंच लागणार. तिथे तर समोर लहान मुलं, ती कुणाची भीड धरत नाहीत. मी पळून चाललोय असं वाटतं. ती परात बाजूला सारते, हात झटकते.

"चला, बगू या की."

ती भिंतीकडे वळते. भिंत चुलीच्या धुराने काळी झाली आहे, तेवढीच ती आता गुळगुळीत होते आणि फळा होते. ती पदराची गाठ सोडते आणि तिन्ही अक्षरं फळ्यावर लावते, च, ट, णी. मागे वळून बघतो तर वर्ग भरला आहे. तीस मुलं, तीस पाटी-दप्तरं, कुणाची चप्पल हरवली आहे, कुणी कुणाला कोपर मारतं आहे. फुलाक्का शेवटच्या ओळीत मांडी घालून बसली आहे, मुलांमध्ये मूल होऊन.

माझा घसा सुकतो.

"इचारा," ती मागून म्हणते.

"काय विचारू?"

"तुमास्नी जे ठावं न्हाई, ते."

मी फळ्याकडे बघतो. या शब्दाने माझी झोप घालवली आहे आणि मला त्याच्याबद्दल खरं म्हणजे काहीच माहीत नाही. मी पहिल्या ओळीतल्या मुलीला विचारतो, "तुमच्या घरी चटणी कशाला म्हणतात?"

ती म्हणते, लाल असते, बरणीत असते, आई वर्षाची करून ठेवते. तिच्या शेजारचा मुलगा म्हणतो, हॅट, चटणी हिरवी असते, ओल्या नारळाची. तिसरा सोलापूरचा आहे, तो सांगतो की चटणी शेंगदाण्याचीच, बाकी सगळं खोटं. एकीच्या आजोळी जवसाची करतात. एकाच्या घरी सुक्या जवळ्याची, आणि त्यावर दोघं नाक धरतात, आणि तो त्यांना सांगतो की तुम्हाला बोलावलं तरच या. मी एका बाकावरून दुसऱ्या बाकाकडे जातो. तुझ्याकडे? आणि तुझ्याकडे? मग तुमच्याकडच्या त्या लाल पुडीला काय म्हणतात? मसाला म्हणतात, तिखट म्हणतात, चटणी म्हणतात. वर्गात कालवा झाला आहे, डंकासारखा, आणि त्या कालव्यात मी प्रत्येकाशी एकेकट्याशी बोलतो आहे. किती वेळ झाला मला कळत नाही. मग लक्षात येतं की घसा सुकलेला नाही.

मी फुलाक्काकडे बघतो.

"तुमचं त्वांड बंद न्हाई, सायेब," ती म्हणते. "तुमी आदी ऐकतासा, मग बोलतासा. त्यात काय वंगाळ न्हाई. पर ऐकून झाल्यावर तरी बोलायचं. तितं गप बसायचं न्हाई."

मी विचारतो, म्हणजे शाळेत जाऊ का. ती मान हलवते, हो नाही आणि नाहीही नाही. ते तुमचं तुम्ही बघा, ती म्हणते, मी डंकावरची बाई, मला शाळेतलं काय कळतंय. उद्या अकरा वाजता काय सांगायचं, एवढंच ती सांगू शकते.

"काय सांगायचं?"

"फुलाबाईचा हात बिगडला नव्हता म्हनून सांगा. मग कुटंबी जावा."

मी हो म्हणायला तोंड उघडतो. फळ्यावरून खडूची धूळ उडते आहे आणि ती लाल आहे. ती माझ्या घशात जाते आणि मला ठसका लागतो. असा ठसका की डोळ्यांत पाणी येतं. फुलाक्का उठून येते, मुलांच्या पायांमधून वाट काढत. ती माझ्यामागे उभी राहते आणि पाठीवर हात मारते. सपाट, जड, डंकावरच्या बाईचा हात. एकदा, आणि मग तो हात तिथेच ठेवते. तो गरम आहे. ठप्, डंक म्हणतो. ठप्. टक्. टक्.

पंखा फिरतो आहे. मी चटईवर उठून बसलो आहे, खोकतो आहे. दारात उज्जू उभी आहे. रविवारचा पिवळा फ्रॉक घातला आहे आणि छातीशी पुस्तक धरलं आहे. चार वाजले आहेत. मघापासून किती हाका मारल्या, असं ती म्हणते. मी पाणी प्यायला माठाकडे वळतो.

"काका, पाठीवर काय लागलंय?"

मी हात मागे नेतो, काही कळत नाही. मग बनियन काढतो आणि समोर धरतो. पांढऱ्या कापडावर, बरोबर मध्यभागी, लाल ठसा आहे. पाच बोटं आणि तळवा. मी वास घेतो आणि मला पुन्हा खोकला येतो. त्या दिवशी घरात मी मिरचीचा डबा उघडलेला नव्हता. हे कसं झालं ते मी तुम्हाला समजावून सांगणार नाही, कारण मलाच ते समजलेलं नाही.

सोमवारी काय झालं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. अकरा वाजता टेबलाभोवती तीच माणसं होती. मी उभा राहिलो, खुर्चीची पाठ धरून, आणि सांगितलं. मगदूमसाहेब आधी हसले, मग हसायचे थांबले. आता सांगून काय उपयोग, ते म्हणाले, बाई गेली. मी म्हटलं, डंकावरच्या बायकांना तरी सांगायला हवं. ते म्हणाले, तुम्हीच सांगा. म्हणून डंक बंद करायला लावला. इतकी वर्षं मी त्या आवाजाच्या आडोशाला बोलत आलो होतो, आणि त्या दिवशी तिथे एवढी शांतता होती की छपरावरची चिमणी ऐकू येत होती. चौदा बायकांनी ऐकून घेतलं. एकजण म्हणाली, उशीर केलासा, आणि फडकं परत नाकाला बांधायला लागली. त्यानंतर मी पुण्याला नाही म्हटलं. जा मग, चटणीचे मास्तर व्हा, असं मगदूमसाहेब म्हणाले, आणि जूनपासून मी कुमुदताईंच्या शाळेत जाऊ लागलो. बोलका मात्र झालो नाही. पहिली कितीतरी वर्षं शाळेतून आलो की तासभर कुणाशी न बोलता पडून राहायचो. अजूनही राहतो.

पण हे सगळं सोमवारचं आणि नंतरचं. रविवारी चार वाजता माझ्यासमोर फक्त उज्जू होती, माझ्या हातात तो बनियन होता, आणि मला कळलं की अकरा माणसांच्या आधी हिला सांगायला हवं. मी खाली बसलो. तीही बसली, पुस्तक मांडीवर ठेवून.

"उज्जू, तुझ्या आज्जीचा हात बिघडला नव्हता. पाकिटावरचा शब्द मी चुकीचा लिहिला होता, आणि ते मी कुणाला सांगितलं नाही."

तिने पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवलं. माझ्यासारखीच आहे ती, आधी ऐकून घेते. मग म्हणाली, "आज्जी म्हनायची, सायेब सांगतील."

मी मान खाली घातली. तिने माझ्या हातातून बनियन घेतला आणि फरशीवर नीट पसरला, चुण्या हाताने सारख्या करत. त्या ठशावर तिने आपला हात ठेवला, बोटावर बोट जुळवून. तिची बोटं पहिल्या पेरापर्यंतच पोहोचत होती. तिने हात दाबला, उचलला, तळव्याचा वास घेतला आणि तिला एक मोठी शिंक आली. मग तिने तो लाल झालेला तळवा आपल्या पिवळ्या फ्रॉकच्या खांद्यावर ठेवला, आणि नीट उमटेपर्यंत तसाच दाबून धरला.